भिंगऱ्याची भाकरी

शाळा आणि आमचं घर यांच्यामध्ये एकच कुडाची भिंत होती. राजगडाच्या पायथ्याला, पालीजवळच्या एका लहानशा वस्तीवर आबांची मास्तर म्हणून बदली झाली, तेव्हा गावकऱ्यांनी एका लांबट घराचे दोन भाग करून दिले. अलीकडे आम्ही चौघं राहत होतो. आबा, आई, माझा थोरला भाऊ, ज्याला मी दादा म्हणत असे, आणि मी. पलीकडे तीस-पस्तीस मुलं पाढे म्हणत. चुलीपुढे आई भाकरी थापत असायची. तिच्या हाताची थाप आणि पलीकडचं बे एके बे एकमेकांत असं मिसळून जाई, की पोरं चुकली की आईचा हातही क्षणभर थांबे. तिला अक्षरओळख नव्हती, पण भिंतीतून ऐकून ऐकून एकोणतीसपर्यंतचे पाढे पाठ होते. पावसाळ्यात गड आठवडेच्या आठवडे दिसत नसे. नुसता ओढ्यांचा आवाज, ओल्या लाकडांचा धूर, ताटात नाचणीची भाकरी आणि हुलग्याचं पिठलं. मी दाराशी उजेडात बसून आबांच्या पेटीतली पुस्तकं वाचायची. माझं बालपण एवढंच होतं आणि ते मला पुरत होतं.

दादाला ते पुरत नव्हतं. तो माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. मास्तरांचा मुलगा असून सातवीच्या फायनलला दोनदा नापास झालेला. पुस्तक हातात दिलं की त्याला झोप येई आणि डोंगर दिसला की जाग येई. तोरण्याच्या सोंडेवर धनगरांची चार घरं होती, तिकडे तो दोन-दोन दिवस राहायचा. आबा रागावायचे, पण त्यांचा राग मुलांवर चालणाऱ्या छडीसारखा नेमका नव्हता. दादापुढे तो थकून जायचा.

आषाढातल्या एका दुपारी दादा चिंब भिजून आला. खांद्यावरची घोंगडी त्याने चुलीजवळ अलगद ठेवली आणि तिच्या घडीतून एक तपकिरी डोकं वर आलं. डोळे नुकते उघडलेले, पण आवाज घरभर. धनगरवाड्यावरच्या बिरूबाबांची कुत्री बिबट्याने नेली होती. पिल्लांपैकी हे एकच जगलं होतं.

“हे इथं कशाला?” आबांनी विचारलं.

“दूध पाजून जगवतो. तिथं कुणाला सवड नाही.”

“घरात एक उनाड आहे तो पुरे नाही का?”

दादा हसला. त्याला आबांच्या बोलण्याचं कधी काही वाटत नसे. आबांना मात्र ते वाक्य पुढे किती वेळा आठवलं असेल, ते मी त्यांच्या तोंडाकडे बघून सांगू शकत असे.

पिल्लू चालायला लागलं ते पळायलाच लागलं. एका जागी म्हणून टिकेना. स्वतःच्या शेपटीमागे गरागरा फिरे, म्हणून दादाने त्याचं नाव भिंगऱ्या ठेवलं. दात फुटले तसा तो सगळ्याला चावू लागला. आईच्या लुगड्याचा काठ, माझ्या परकराची किनार, आबांच्या वहाणा, पाट, केरसुणी. हाताला, पोटरीलाही चावे, आणि खेळता खेळता डोळ्यांत काहीतरी चढलं की सोडत नसे. अशा वेळी दादा ओरडत नसे, मारतही नसे. तो नुसता उठायचा आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा, देवळातल्या खांबासारखा. भिंगऱ्या भोवती दोन फेऱ्या मारी, एकदा भुंके, मग खाली बसे. तो बसला की दादा वळून पुन्हा खेळायला लागे. पहाटे दादा त्याला घेऊन खिंडीपर्यंत पळत जाई. दोघं परत येत तेव्हा दोघांच्या जिभा बाहेर असत. मग दिवसभर भिंगऱ्या कुडाला पाठ लावून पाढे ऐकत झोपे. त्या दोन महिन्यांत त्याच्या गळ्यात दोरी पडल्याचं मला आठवत नाही. हे सगळं मी रोज बघत होते. पुस्तकातलं मी दोनदा वाचायची, समोरचं एकदाच, तेही अर्धवट.

भाद्रपदात दादाला ताप आला. डॉक्टर भोरला, आणि मधल्या नद्या भरलेल्या. डोली करून न्यावं असं ठरलं, पण पाऊस उघडेना. आठव्या दिवशी सकाळी तो गेला. त्या आठ दिवसांबद्दल मी जास्त लिहिणार नाही. लिहायला बसले की हात जड होतो. आमच्या ह्यांना जाऊन आता आठ महिने झाले, तेव्हापासून तसाही दिवसाला एक पान होतं, कधी तेही होत नाही. त्या आठ दिवसांत माझ्या डोक्यात एकच आवाज राहिला आहे. दादाच्या अंथरुणापाशी पिल्लू जमीन उकरत होतं, त्याचा.

दहाव्याला आम्ही सगळे नदीवर गेलो. आमच्याकडे बायकाही जातात. घरी भिंगऱ्याजवळ थांबायला कुणी नव्हतं, आणि कोंडलं तर तो दार फोडील एवढं रडत होता. म्हणून दादाची घोंगडी मी खांद्यावर घेतली, भुरभुर पाऊस होता, आणि पिल्लू कडेवर. काठावरच्या करंजाखाली, सगळ्यांच्या मागे मी बसले. पुढे पिंड मांडला. समोरच्या झाडावर पाच-सात कावळे होते. एक खाली उतरायचा, दोन उड्या मारायचा आणि उडून जायचा. लोक हात जोडून उभे. कावळा शिवेना. भोंगवलीहून आलेले माझे चुलते म्हणाले, “पोराचं मन कशात तरी गुंतलंय. काय ते बोला.”

मग एकेकानं बोलायला सुरुवात केली. चुलते म्हणाले, तुझ्या आईला आम्ही काही कमी पडू देणार नाही. कावळा आला नाही. मामा म्हणाले, इंदूचं, म्हणजे माझं, लग्न चांगल्या घरी करून देऊ. नाही आला. कुणीतरी म्हणालं, पास-नापासाचं आता काही नाही रे बाबा, तुझ्यावर कुणाचा राग नाही. हे ऐकून आबांनी मान खाली घातली. त्यांचं नुकतंच भादरलेलं डोकं पावसात फार लहान दिसत होतं. कावळा तरी आला नाही.

तो का येत नव्हता ते मला दिसत होतं. कावळा खाली आला की माझ्या कडेवरचा भिंगऱ्या ताठ व्हायचा, घशात गुरगुरायचा आणि पुढे झेप घ्यायचा. मी मागे असल्यामुळे कुणाचं लक्ष नव्हतं. त्याला आवरून आवरून माझे हात भरून आले होते. शेवटी मी घोंगडी त्याच्या डोक्यावरून ओढली आणि त्याला आत घट्ट दाबून धरलं. अंधार झाला तसा तो गप्प झाला. दादाच्या घामाचा वास असेल त्या घोंगडीला. नेमक्या त्याच वेळी पुढे आबा बोलले. दहा दिवसांत ते पहिल्यांदाच बोलत होते.

“बाळ, तुझ्या पिल्लाला मी अंतर देणार नाही. कुठं जाऊ देणार नाही. माझ्या दारातच राहील ते.”

कावळा सरळ खाली आला आणि पिंडाला चोच लावून उडाला. आई मोठ्यानं रडली. बायका म्हणाल्या, बघा, मुक्या जिवात जीव गुंतला होता पोराचा. मी घोंगडीखाली भिंगऱ्याचं तोंड धरून बसले होते. मी बारा वर्षांची होते. बोलले असते तर आबांचं ते एकच समाधान गेलं असतं, आणि कुत्र्यालाही कदाचित कुणी ठेवून घेतलं नसतं. मी बोलले नाही.

त्या दिवसापासून भिंगऱ्या बांधला गेला.

गावातली दोन कुत्री त्याच महिन्यात बिबट्याने उचलली होती. आबांना धास्ती बसली. हेही गेलं तर दिलेला शब्द गेला. त्यांनी काथ्याची दोरी आणली, तो ती रात्रीत कुरतडे. मग बैलाची साखळी आणली. ओसरीच्या खांबाला चार हात साखळी आणि तिच्या टोकाला तो. खिंडीपर्यंत पळणारं जनावर चार हातांत दिवसभर गरगर फिरे. खांबाभोवतीची जमीन त्याने खळ्यासारखी घासून काढली. पाढे सुरू झाले की भुंकायला लागे आणि पाढे संपले तरी थांबत नसे. कुडाच्या पलीकडे आबांना मुलांचा आवाज ऐकू येईना आणि मुलांना आबांचा. वयही असं की पोर वाढावं तसा दिवसागणिक वाढत होता. दिवाळीपर्यंत तो माझ्या गुडघ्याच्या वर आला. दादाची घोंगडी त्याने स्वतःखाली ओढून घेतली होती. बाकीचे कपडे आईने रीतीप्रमाणे देऊन टाकले, पण घोंगडीजवळ तो कुणालाच येऊ देईना.

आबांनी त्याला मास्तरकीच्या पद्धतीने वळवायचं ठरवलं. सकाळी शाळेआधी ते छडी घेऊन ओसरीवर येत आणि “खाली बस” म्हणत. भिंगऱ्या छडी धरायचा. आबा ओढायचे, तोही ओढायचा. त्याच्या दृष्टीने दिवसातला तेवढाच खेळ होता. छडीचे दोन तुकडे झाले की आबा दमून पायरीवर बसत. पुढे पुढे त्यांनी मारलंही. मार बसला की भिंगऱ्या मागे सरत नसे, वर येत असे.

मारुतीच्या पारावर बसणाऱ्या मंडळींना विषयच मिळाला. त्यांचे म्होरके तुकाअप्पा येता-जाता हाक घालत.

“काय मास्तर, पस्तीस पोरं एका छडीत गप करता, आन् ह्ये एक शेपटीवालं आयकंना व्हय?”

दुसरा म्हणे, “पटावर नाव घाला त्याचं, मास्तर. मग आपसूक गैरहजर ऱ्हाईल.”

आबा हसायचा प्रयत्न करत. सल्लेही पुष्कळ मिळाले. कुणी म्हणालं कान कापा, कुत्रं तिखट होतं. “तिखट आहेच, आणखी किती करू?” आबा म्हणाले. कुणी म्हणालं उकडलेला गरम भोपळा तोंडात द्या, दात सैल पडतील. आईने हे ऐकून कानांवर हात ठेवले. शेवटी तुकाअप्पांनी आपल्या नाठाळ खोंडाचं लोढणं आणून दिलं. लोढणं म्हणजे गळ्यातून गुडघ्यांपर्यंत लोंबणारा लाकडाचा ओंडका. जनावर पळायला लागलं की तो पायांवर आपटतो. खोंडाला समजतं. भिंगऱ्याला समजलं नाही. तो तसाच फिरत राहिला आणि चार दिवसांत त्याच्या पुढच्या पायांची सालं निघाली. पाचव्या दिवशी लोढण्याचा फटका बसून पाण्याची घागर फुटली. आईने ती खापरं गोळा केली, मग वाकून लोढण्याची दोरी कोयत्याने कापली आणि ओंडका चुलीत घातला.

मी त्याच्यापासून दोन हातांवर बसून वाचत असे. हळू आवाजात, एकसुरी वाचलं तर तो कधी कधी डोकं पंजांवर टेकवी. माझ्याकडून एवढंच झालं. त्याला मोकळं करावं असं मला रोज वाटे, आणि सोडला तर बिबट्या नेईल असंही. पण त्याहून मोठी भीती होती. आबा विचारतील, शब्द मोडायला तू सांगतेस? आणि मग मला नदीवरचं सांगावं लागेल. घरात तिघं माणसं आणि एक कुत्रं एकाच साखळीला बांधली गेली होती, आणि तिचं कुलूप माझ्याजवळ होतं असं मला वाटे. आता या वयात मागे वळून बघताना दमायला होतं ते त्या भुंकण्याने नाही. एवढ्या लहान वयात गप्प राहण्याचं केवढं काम मी करत होते, त्याने.

मार्गशीर्षात तो तुकाअप्पांच्या नातवाला चावला. पोराची चूक होती. त्याने घोंगडी काठीने ओढायचा प्रयत्न केला. पण पोटरीला चार दात लागले ते लागलेच. तुकाअप्पा आले. त्या दिवशी थट्टा नव्हती.

“मास्तर, तुमचं दुख आमाला कळतंय. पन गावात पोरंबाळं हायती. पुन्यांदा कुनाला चावलं, तर तुमी न्हाई, आमीच त्याचं बघू. मग वाईट वाटून घेऊ नगा.”

“नाही चावणार,” आबा म्हणाले. त्यांच्या आवाजात मास्तर उरला नव्हता.

त्यानंतर पंधरा दिवसही गेले नसतील. आई चुलीपाशी डाव्या हाताने भाकरी थापत होती. पलीकडे सतराचा पाढा चालला होता आणि थाप चुकत होती. मी जवळ गेले तेव्हा तिने उजवा हात पदराखाली घेतला. मी पदर बाजूला केला. मनगटाच्या वर सूज, हळद भरलेली, कडेला जांभळं झालेलं. तीन दिवस तिने तो हात लपवला होता.

“घोंगडी धुवावी म्हनलं,” ती म्हणाली. “लई वास मारत हुती. कुनाला बोलू नगंस, इंदू. मारतील त्येला.”

“आबांना?”

“त्येन्ला तर नगंच.”

पण संध्याकाळी पाणी ओतताना आबांना दिसलं. ते बराच वेळ हाताकडे बघत राहिले. मग कोपऱ्यातली कुदळ त्यांनी उचलली, परत ठेवली आणि खाली बसले. आबांना मी रडताना त्याच वेळी पाहिलं. दादा गेला तेव्हाही पाहिलं नव्हतं.

“मी काय करू सांग,” ते आईला म्हणाले. “ठेवला तर माणसं फाडतोय. मारला तर पोराला काय तोंड दाखवू? नदीवर सगळ्यांसमोर बोललोय मी.”

आई आपल्या हाताला चिंधी गुंडाळत होती. “तुमी शब्द दिला त्ये बराबर. पन दादानं त्येला कवाच बांधला न्हवता.”

तिने चिंधीची गाठ दातांनी आवळली. आईच पुढे म्हणाली, “लोनी घिऊन येती ती धनगरीन, तिच्याजवळ म्या परवा सांगावा धाडलाय. बिरूबाबा येत्याल. त्यांचं जनावर, त्येन्ला इचारू.”

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या सुमारास बिरूबाबा आले. उंच, वाळलेला म्हातारा, कानांत बाळ्या, खांद्यावर काठी आडवी. दादा गेल्याचं त्यांना माहीत होतं, पण डोंगरातून खाली यायला जमलं नव्हतं, म्हणून आधी ते आईसमोर नुसते बसले. मग ओसरीकडे वळले. भिंगऱ्या साखळी ताणून उभा राहून भुंकत होता, तोंडाला फेस. बिरूबाबा त्याच्याकडे पाठ करून, साखळी पोचणार नाही एवढ्या अंतरावर खाली बसले आणि पानाची चंची सोडली. पान लावून झालं, खाऊन झालं. भिंगऱ्या भुंकून भुंकून थांबला आणि त्यांच्या पाठीचा वास घेऊ लागला.

“वाईट न्हाई ह्यो,” ते मागे न बघता म्हणाले. “रिकामा हाय. ह्याच्या आईनं पन्नास गुरं राखली. हितं ह्यानं काय राखायचं? एक खांब. आन् त्यो बी कुनी चोरंना.”

आबा खालच्या मानेने ऐकत होते.

“मास्तर, रागवू नगा. पन तुमी ह्येला एवडे दिस ठिवला कशापायी? पोरगं मला म्हनलं हुतं, दिवाळीपातुर जगवतो आन् दिवाळीला आनून घालतो. म्या वाट बघितली. मग कळलं, पोरगंच गेलं. म्हनलं कुत्रं बी मेलं आसंल.”

पलीकडे घरी न गेलेली दोन-तीन मुलं कुडाच्या फटीतून बघत होती.

“असं म्हणाला होता?” आबांनी विचारलं.

“माझ्या हातावर हात मारून म्हनला हुता. बिरोबाच्या म्होरं.”

आबा उठले. आत गेले, डोक्याला टापशी बांधून आले. “चला,” म्हणाले. “त्याचा शब्द आहे. मीच पोचवतो.”

बिरूबाबांनी साखळी सोडली. मला वाटलं, आता कुणाला तरी फाडणार. भिंगऱ्याने अंगणात सुसाट फेऱ्या मारल्या, दहा, पंधरा, माती उडाली, आई दारात हात उराशी धरून उभी. मग तो थांबला, जीभ बाहेर काढून बिरूबाबांच्या समोर उभा राहिला आणि त्यांच्या हाताला दात लावले. म्हातारा शांतपणे उठला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. अगदी दादासारखा. तेव्हा मला कळलं, दादा ते कुठे शिकला होता.

ती रात्र धनगरवाड्यावर काढायची म्हणून आबांनी मलाही बरोबर घेतलं. एकट्याने परत यायचा त्यांना धीर नसावा. वाटेत भिंगऱ्या पुढे पळे, परत येऊन आम्हाला मोजी, पुन्हा पळे. वाड्यावर पोचलो तेव्हा गुरं परतत होती. तो त्यांच्यात शिरला आणि एका म्हशीने त्याला शिंगाने असा उडवला, की उठून तो गुपचूप तिच्या मागे चालू लागला. आम्ही त्याला चार महिन्यांत जे शिकवू शकलो नाही, ते तिने एका क्षणात शिकवलं. दुसऱ्या सकाळी निघताना आबांनी त्याला हाक मारली. त्याने वळून पाहिलं आणि गुरांमागे गेला.

उतरताना हात रिकामे होते आणि वाट लांब. अर्ध्यावर मी बोलले. घोंगडीचं सांगितलं, पिल्लाचं तोंड दाबून धरलेलं सांगितलं, कावळा का आला ते सांगितलं. आबा पुढे चालत होते, थांबले नाहीत. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. बऱ्याच वेळाने, ओढा ओलांडताना हात देत ते म्हणाले, “इंदू, मी शब्द कावळ्याला दिला नव्हता.”

घरी आल्यावर त्यांनी आईला विचारलं, भिंगऱ्याला काय खायला लागतं. पुढच्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी आई पहाटे उठली आणि एक वेगळी भाकरी थापली. जाड, कोंडा घातलेली, वाटेत मोडू नये म्हणून कडक भाजलेली. आबांनी ती जुन्या धोतराच्या धडप्यात बांधली आणि चालू लागले. दारात ठेवता आलं नाही, तर दारापर्यंत जायचं. ते असं काही बोलले नाहीत, पण मला तसंच समजलं. ते दर महिन्याला गेले. पुढे त्यांची बदली कामथडीला झाली. तिथून नसरापूरमार्गे वेल्ह्यापर्यंत मिळेल ती बैलगाडी आणि पुढे पायी, जायला एक दिवस, यायला एक दिवस. तरी सुट्टी साधून ते जात. मुलं विचारत, मास्तर कुठं गेले, तर लोक सांगत, कुत्र्याला भेटायला. पारावरची माणसं बदलली, थट्टा तीच राहिली.

भिंगऱ्याने त्यांना कधी ओळख दाखवली नाही. तो उत्तम राखण्या झाला, गळ्यात खिळ्यांचा पट्टा, अंगावर बिबट्याच्या नखांचे दोन ओरखडे. आबा लांबून दिसले की तो परक्यावर भुंकतो तसा भुंकायचा. भाकरी मात्र खायचा, तीही आबा दहा पावलं मागे गेल्यावर. एकदा मी आबांना म्हटलं, एवढं चालून जाता आणि तो भुंकतो. ते म्हणाले, “भुंकू दे. राखणीचं काम आहे त्याचं.” त्यांच्या पायांच्या भेगांत आई एरंडेल भरत असे. तिने त्यांना एकदाही, आता पुरे, असं म्हटलं नाही.

माझं लग्न झालं, पहिलं मूल झालं, आणि बाळंतपणाला मी कामथडीला आले होते तेव्हा धनगरवाड्यावरून एक माणूस निरोप घेऊन आला. बरोबर तो खिळ्यांचा पट्टा. भिंगऱ्या म्हातारा होऊन गोठ्यात झोपेतच मेला होता. आबांनी पट्टा हातात घेतला, वळवून पाहिला आणि खुंटीला अडकवला. त्या माणसाला जेवू घातलं. एवढंच.

महिन्याचा शेवटचा रविवार आला. मी बाळाला घेऊन पडले होते. पहाटे परातीवर हाताची थाप ऐकू आली. आबा वहाणा घालून, टापशी बांधून, धडपा खांद्यावर टाकून चुलीपाशी आले आणि उभे राहिले. आईने तव्यावरून भाकरी काढली होती. जाड, कोंड्याची, कडक. दोघं तिच्याकडे बघत राहिले. कुणी कुणाला चूक दाखवली नाही. मग आबांनी वहाणा काढल्या आणि पाट ओढून बसले. आईने भाकरी मोडायला घेतली, ती हाताने मोडेना. तिने ती गुडघ्यावर आपटून दोन तुकडे केले, दोन वाट्यांत ताक ओतलं, एक त्यांच्यापुढे सरकवली, एक स्वतः घेतली. भाकरी भिजायला वेळ लागत होता. दोघं तशीच बसून राहिली.

“लई कडक झाली,” आई म्हणाली.

“लांबच्या वाटेची आहे,” आबा म्हणाले. आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच, दादाचं नाव घेऊन, ते आईला त्याच्याबद्दल काहीतरी सांगू लागले. आवाज फार हळू होता. मी कूस बदलली आणि बाळाचे कान झाकले, जणू ते ऐकणं आमच्या वाट्याचं नव्हतं.